१,८६,००० किलोमीटर चाललेली गाडी, तीन ऑईल आणि एक वही

गड्ड्याची यात्रा उठून चार दिवस झाले होते. होटगी रोडवरच्या माझ्या गॅरेजात जुळे सोलापुरातले एक निवृत्त शिक्षक त्यांची २०११ ची पेट्रोल हॅचबॅक घेऊन आले. काट्यावर १,८६,४०० किलोमीटर. तक्रार त्यांनी थोडक्यात सांगितली: सात रस्त्याला वळण घेताना ऑईलचा लाल दिवा लुकलुकतो, आणि गाडी ऑईल खाते. मग जरा थांबून म्हणाले, "मिस्त्री, इंजिन काम निघत असेल तर आत्ताच सांगा. पेन्शनमधून करायचंय."

त्यांच्या या वाक्यासाठीच हे प्रकरण सविस्तर लिहून काढतोय. दीड लाखाच्या पुढे गेलेली गाडी ऑईल खायला लागली की आपल्याकडे दोनच सल्ले मिळतात. एक, जाड ऑईल घाला. दोन, बोअर-रिंग करून घ्या, म्हणजे इंजिन खोलून सिलिंडर घासा आणि पिस्टनच्या रिंगा नव्या बसवा. पहिल्यात गाडीचं दुखणं झाकलं जातं, दुसऱ्यात माणसाचे चाळीस-पन्नास हजार जातात, आणि ऑईल नेमकं जातंय कुठून हे कुणी बघतच नाही.

सरांना पहिला सल्ला नोव्हेंबरात मिळाला होता. एका गॅरेजमध्ये त्यांना सांगितलं, "गाडी म्हातारी झाली ओ सर, आता पातळ ऑईल टिकत नाही. ट्रकवाले घालतात तसलं घाला की." आणि ५डब्ल्यू-३० हे पातळ ऑईल काढून २०डब्ल्यू-५० हे जाड ऑईल भरलं. त्यानंतर सकाळी गाडी चालू केली की वरून खडखड येऊ लागली, अव्हरेज उतरलं, आणि ऑईल खाणं काही थांबलं नाही. दीड हजार किलोमीटरला एक लिटर टाकावं लागत होतं, म्हणजे हजाराला साधारण साडेसहाशे मिली.

पहिल्यांदा ऑईल मापायची काडी बघितली. गाडी सपाट फरशीवर, इंजिन बंद करून दहा मिनिटं झालेली. काडीच्या खालच्या खुणेलाही ऑईल लागलं नव्हतं. मापाच्या भांड्याने थोडं थोडं टाकत वरच्या खुणेपर्यंत आणलं, तेव्हा १,१५० मिली बसलं. लाल दिव्याचं कोडं तिथेच सुटलं. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाला ऑईल साठतं तिथे, ते इतकं कमी असताना गाडी वळली किंवा जोरात ब्रेक लागला की ते एका बाजूला जातं, पंपाची जाळी उघडी पडते आणि पंप हवा ओढतो. दाब पडतो, दिवा लागतो. अशा क्षणी बेअरिंगला ऑईल मिळत नसतं. इंजिनाचा जीव यात जातो. ऑईल अमुक नंबरचं होतं की तमुक, याने इतक्या लवकर काही बिघडत नाही. सर म्हणाले, "दिवा लगेच विझायचा, म्हणून मी लक्ष दिलं नाही." हे मी रोज ऐकतो, आणि दर वेळी जीव तुटतो. तो दिवा ऑईल कमी झाल्याची पूर्वसूचना देत नाही. दाब गेलेला असतो तेव्हाच तो लागतो. दिसला की गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करायचं, दुसरा विचार करायचाच नाही.

त्या दिवशी ऑईल बदललं नाही. सरांना एक वही घ्यायला सांगितली. दर रविवारी सकाळी, गाडी चालू करायच्या आधी, पोर्चमध्ये त्याच जागेवर काडी बघायची. किलोमीटर लिहायचे. टाकलं तर किती मिली ते लिहायचं, 'थोडं टाकलं' असं नाही. आणि रात्री गाडीखाली पेपर अंथरायचा. शिक्षकच ते, वही अशी ठेवली की पुढच्या सगळ्या निर्णयांना तिचाच आधार मिळाला.

ऑईल इंजिनातून जायच्या वाटा मोजक्याच आहेत. बाहेर गळतं, नाहीतर आत जळतं. आत जळायचं तर ते खालून रिंगांच्या बाजूने वर येतं, वरून व्हॉल्व्हच्या दांड्यावरून खाली उतरतं, किंवा चेंबरमधली वाफ ज्या नळीने परत इनटेकमध्ये जाते त्या पीसीव्हीच्या वाटेने ओढलं जातं. टर्बो असेल तर आणखी एक वाट, या गाडीत ती नव्हती.

पेपरवर दोन-तीनच थेंब पडत होते. पण टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग एक्झॉस्टच्या बाजूला कडक होऊन चिरलं होतं, आणि पाझरलेलं ऑईल गरम पाइपवर पडून तिथेच जळत होतं. ते जमिनीपर्यंत येणार कसं? सरांच्या घरच्यांना गाडीत बसलं की जळका वास यायचा, तो हाच. पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवला. चांगला असेल तर आतली गोळी टकटक वाजते. हा मुका होता, काळ्या चिकट गाळाने पूर्ण जाम. सरांची गाडी आठवडाभर घर, वाचनालय, मंडई एवढीच फिरते. अशा तुकड्या-तुकड्यांच्या फेऱ्यांत ऑईल पुरेसं तापत नाही, त्यातला पाण्याचा आणि पेट्रोलचा अंश उडत नाही, आणि त्याचा गाळ होतो. पीसीव्ही तुंबला की चेंबरमध्ये दाब साठतो आणि तो दाब ऑईलला प्रत्येक कमजोर पॅकिंगमधून बाहेर ढकलतो. तेव्हा चिरलेलं पॅकिंग आणि तुंबलेला व्हॉल्व्ह ही दोन वेगळी दुखणी नव्हती.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी माझाही संशय रिंगांवरच होता. गरम इंजिन, चारही प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा. आकडे आले १७२, १७०, १६५, १७१ पीएसआय. नंतर प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल टाकून पुन्हा मोजलं. रिंगा झिजल्या असतील तर हे ऑईल फट भरतं आणि आकडा चांगला उडी मारतो. इथे सगळीकडे जेमतेम पाच-सात पीएसआय वाढले. चालू इंजिनावर ऑईल भरायचं झाकण उघडलं, तेव्हा धुराचा भपकाराही नव्हता. आता, ऑईल खरवडणारी खालची रिंग गाळाने चिकटली तरी कॉम्प्रेशन चांगलं येऊ शकतं, त्यामुळे या एका चाचणीवर रिंगा शंभर टक्के सुटल्या असं मी म्हणत नाही. पण एवढ्या आकड्यांवर बोअर-रिंग काढणं हा अन्याय झाला असता.

राहिले व्हॉल्व्ह सील, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांड्यावरून ऑईल खाली उतरू न देणारी रबरं. त्यासाठी मी एका सकाळी साडेसहाला सरांच्या घरी गेलो. रात्रभर उभी असलेली गाडी त्यांनी चालू केली आणि सायलेन्सरमधून निळसर धुराचा एक लोट निघाला, दहा सेकंद टिकला, मग स्वच्छ. त्यानंतर रस्त्यावर जोरात पळवली तरी धूर नाही. पण चढावर पळवून मग बराच वेळ अॅक्सिलरेटर सोडून गिअरमध्येच उतरू दिली आणि पुन्हा दाबला, तेव्हा एक भपकारा आला. ही सीलची खूण आहे. रबर वर्षानुवर्षं तापून कडक होतं, रात्रभर ऑईल थेंब थेंब दांड्यावरून खाली उतरतं आणि सकाळी जळतं. रिंगांचा धूर बहुधा जोर लावताना आणि सतत येतो. धुराचा रंग सगळे सांगतात. तो कधी येतो, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता ऑईलकडे येतो, कारण सरांचा पहिला प्रश्न तोच होता: "मग घालू कुठलं?"

डब्यावर ५डब्ल्यू-३० लिहिलेलं असतं, त्यात डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा थंडीत इंजिन फिरवताना ऑईल किती आड येतं ते सांगतो. ५डब्ल्यूची ती चाचणी उणे ३० अंशांवर होते, २०डब्ल्यूची उणे १५ वर. दुसरा आकडा १०० अंशांवरचा दाटपणा. सेंटीस्टोक हे दाटपणाचं माप. ३० चं ऑईल तिथे ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक, ४० चं १२.५ ते १६.३, आणि ५० चं १६.३ ते २१.९. म्हणजे तापलेल्या इंजिनात ५० नंबरचं ऑईल ३० नंबरच्या जवळपास पावणेदोन पट दाट असतं.

सोलापुरात उणे काही होत नाही. डिसेंबर-जानेवारीची पहाट बारा-पंधरा अंशांवर येते. त्यामुळे ५डब्ल्यू आणि १०डब्ल्यू यांत इथल्या माणसाला पडणारा फरक थोडा आहे. पण २०डब्ल्यू-५० ची गोष्ट वेगळी. त्याचं पोटच जाड. पंधरा अंशांवर ते काकवीसारखं संथ चालतं आणि हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागात जिथे व्हॉल्व्ह असतात तिथपर्यंत, पोचायला वेळ लावतं. सरांची सकाळची खडखड त्यामुळेच होती. त्यात भर म्हणजे त्या गॅरेजमध्ये बसवलेला फिल्टर. त्यातला ऑईल परत खाली उतरू न देणारा रबरी पडदा टिकला नव्हता, म्हणजे रोज सकाळी फिल्टर रिकामा. शिवाय या इंजिनात व्हीव्हीटी आहे. बारीक वाटांमधून ऑईलचा दाब खेळवून व्हॉल्व्हची वेळ मागेपुढे केली जाते, आणि त्या वाटा ठरावीक दाटपणा धरूनच पाडलेल्या असतात.

जाड ऑईलच्या बाजूने एक गोष्ट नेहमी ऐकवली जाते: दाब वाढतो. वाढतोच. पण दाब म्हणजे वाहायला होणारा अडथळा. बेअरिंगला दाबाइतकाच प्रवाह लागतो, ऑईल तिथून उष्णता घेऊन जातं तेव्हा बेअरिंग वाचतं. काट्यावर मोठा आकडा दिसला म्हणजे सगळीकडे भरपूर ऑईल पोचलं, असं समजू नये.

दुसरं म्हणजे आपला उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यात इथे पारा चाळिशीच्या पुढे असतो, कधी ४३-४४. लोकांना वाटतं, बाहेर एवढी आग म्हणजे ऑईल पाणी होणार. पण थर्मोस्टॅट आणि पंखा कूलंटला नव्वदच्या आसपास धरून ठेवतात, पुण्यातही आणि सोलापुरातही. ऑईल त्याच्या थोडं वर, लांबच्या दौडीत आणखी वर जातं. बाहेरच्या दहा अंशांनी चेंबरमध्ये दहा अंशांचा फरक पडत नाही. रेडिएटर तुंबलेला असेल, कूलंटच्या जागी नळाचं पाणी असेल, तर पडतो. म्हणून सरांचा रेडिएटर बाहेरून धुतला. आपल्याकडच्या धुळीने त्याच्या जाळ्या किती बुजतात, ते हाताने काढल्याशिवाय खरं वाटत नाही.

सरांच्या जावयाने खास जास्त चाललेल्या गाड्यांसाठी मिळणाऱ्या ऑईलबद्दल विचारलं होतं. अशी ऑईल खरोखर असतात. अमेरिकेत व्हॅल्व्होलिनने २००० साली मॅक्सलाइफ आणलं, ७५,००० मैलांच्या, म्हणजे सव्वा लाख किलोमीटरच्या आसपासच्या आणि पुढच्या गाड्यांसाठी. अशा ऑईलमध्ये कडक झालेल्या रबराला मऊ करून थोडं फुगवणारी द्रव्यं आणि गाळ धुणारी द्रव्यं जास्त असतात, आणि दाटपणा बहुधा त्या नंबरच्या वरच्या काठाला असतो. किंचित पाझर असेल तर फायदा होतो. चिरलेलं पॅकिंग मात्र त्याने सांधत नाही, आणि दगड झालेला सील तर नाहीच. सरांच्या गाडीत पॅकिंग बदलायचंच होतं, म्हणून ते घेतलं नाही. पाझर नुकताच सुरू झालेला असता तर मी हो म्हटलं असतं.

इंजिन फ्लशही केला नाही. आत इतका गाळ दिसत असताना एकदम सोडवला तर तो पंपाच्या जाळीत जाऊन बसायची भीती असते. त्यापेक्षा चांगलं ऑईल घालून पहिल्यांदा लवकर बदलणं बरं. साफसफाई होते, पण हळू.

तर पॅकिंग, पीसीव्ही, प्लग, चांगला फिल्टर, आणि गाडीच्या पुस्तकातलं ५डब्ल्यू-३० सिंथेटिक. डब्यावर एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) या संस्थेचा एसएन किंवा त्यापुढचा दर्जा असेल एवढं बघितलं. एस म्हणजे पेट्रोल इंजिनासाठी. एसएन २०१० चं, एसपी २०२० चं, आणि नवं जुन्याच्या जागी चालतं. सी ने सुरू होणारं डिझेलसाठी. पेट्रोल गाडीत ट्रकचं सीआय-४ भरणारे भेटतात. त्या डब्यावर एस चाही दर्जा छापलेला नसेल तर भरू नये. जुन्या डिझेल दर्जात फॉस्फरस जास्त असू शकतो, आणि ऑईल जळत असेल तर तो थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर जाऊन बसतो. सुटं ऑईल कधीच नको. आणि रिकामा डबा भोक पाडूनच भंगारात द्यावा, नाहीतर तोच भरून परत दुकानात येतो.

एकाच दिवशी चार-पाच गोष्टी बदलल्या, त्यामुळे कशाने किती फरक पडला हे वेगळं सांगता येत नाही. ही या नोंदीतली उणीव आहे. पण वहीतला आकडा बोलका होता. पहिल्या हजार किलोमीटरला ४२० मिली. जाड ऑईलवर साडेसहाशे, पातळ ऑईलवर सव्वाचारशे. सकाळची खडखड तिसऱ्या दिवशी ऐकू आली नाही. अव्हरेज साडेचौदावरून सोळाला आलं. प्लगही नवे होते, म्हणून त्याचं सगळं श्रेय मी ऑईलला देत नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला, तीन हजार किलोमीटरवर, ते ऑईल काढलं. काळं कुट्ट निघालं, तेच हवं होतं. पुढचे दोन महिने सर पुण्याला मुलीकडे चार-पाच खेपा करणार होते. अडीचशे किलोमीटर, एसी लावून, भर उन्हात, आणि सीलचं काम त्यांना लगेच करायचं नव्हतं. गाडीच्या पुस्तकात तापमानाचा तक्ता आहे, त्यात १०डब्ल्यू-४० ला परवानगी आहे. म्हणून ते घातलं, सेमी-सिंथेटिक. दोन आकड्यांमधलं अंतर कमी असलं की ऑईलमध्ये दाटपणा टिकवणारं पॉलिमर कमी लागतं, आणि इंजिनात चिरडलं जाऊन पातळ होणारा भाग तोच असतो. इथल्या हवेला १०डब्ल्यू पुरतं, मग ५डब्ल्यू-४० चे जादा पैसे कशाला?

वहीत हजाराला २७० मिली. म्हणजे नंबर बदलल्याने दीडशे मिली वाचलं. लहान फरक नाही, पण सकाळचा धूर होताच. दाबाचा गेज लावून बघितलं: गरम इंजिन, आयडल (गाडी उभी, अॅक्सिलरेटर न दाबता), ५डब्ल्यू-३० वर १.२ बार आला होता, १०डब्ल्यू-४० वर १.५. पुस्तकातल्या किमान आकड्याच्या दोन्ही वर. यावरून बेअरिंग शाबूत आहेत हे कळलं. ५डब्ल्यू-३० वर गरम आयडलचा दाब किमान आकड्याला टेकला असता, तर मी ४० चं ऑईल कायमचं ठेवायला सांगितलं असतं. झिजलेल्या बेअरिंगला दाट ऑईलचा आधार मिळतो, आणि ज्याला इंजिन खोलणं परवडत नाही त्याचे त्यात वर्ष-दोन वर्षं निघतात. जाड ऑईलला माझा विरोध नाही. न मोजता घालण्याला आहे.

नवरात्रात सर तुळजापूरला जाऊन आले आणि म्हणाले, "घाटात मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवून धूर दाखवला. आता करून टाका." व्हॉल्व्ह सील बदलले, हेड न उतरवता. चेन बांधून ठेवली म्हणजे टायमिंग हलत नाही, कॅमशाफ्ट काढला, मग एकेक पिस्टन वरच्या टोकाला आणून प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडली. त्या हवेने व्हॉल्व्ह वर धरले जातात, स्प्रिंग काढता येते, जुना सील पक्कडीने उपटायचा, नवा बसवायचा. जुने सील नखाने वाकत नव्हते, तुटत होते. दीड दिवसाचं काम. खर्च बोअर-रिंगच्या पाचव्या हिश्श्यात.

या वेळी ऑईल तेच ठेवलं, मुद्दाम. एकच गोष्ट बदलली. हजार किलोमीटरला ८० मिली.

डिसेंबरात ऑईल बदलायची वेळ आली तेव्हा सरांनी स्वतःच विचारलं की आता पुस्तकातल्या नंबरवर परत जायला काय हरकत आहे. हरकत काहीच नव्हती. ५डब्ल्यू-३० घातलं. पुढच्या हजाराला १०० मिली, म्हणजे दोन नंबरांमधला दीडशेचा फरक वीसवर आला. सील गळत होते तोवर दाट ऑईल कमी उतरत होतं, सील धरले तेव्हा त्याला रोखण्यासारखं फारसं उरलंच नाही.

बदलायचा काळ मात्र मी त्यांच्यासाठी कमी ठेवलाय, दहा हजारांऐवजी सात हजार किंवा नऊ महिने, कारण त्यांच्या फेऱ्या छोट्या आहेत. त्यावर त्यांनी स्वतःच एक उपाय काढला. दर गुरुवारी ते अक्कलकोटला एसटीने जायचे, आता गाडीने जातात. चाळीस किलोमीटर एका दमात, ऑईल नीट तापतं. परवा वही दाखवायला आले होते. काट्यावर १,९८,२१०, काडी मधल्या खुणेच्या वर, आणि शेवटच्या ओळीत त्यांच्या वळणदार अक्षरात: "धूर नाही. वास नाही. टाकले नाही."